कलम नऊची तपासणी

माझी थोरली बहीण वजनकाटे तपासते. दुकानांतले, दवाखान्यांतले, गोदामांतले, सोनारांकडचे. तिच्याकडे एक पेटी आहे, त्यात मखमली खाचांमध्ये प्रमाण वजनं बसवलेली असतात. ती उचलताना ताई हातमोजे घालते, कारण हाताचा घाम लागला तरी वजनात फरक पडतो म्हणे. वजन आधी पारड्याच्या मधोमध ठेवायचं, मग चारही कोपऱ्यांत, मग चढवत न्यायचं, मग उतरवत आणायचं. सगळीकडे आकडा बरोबर आला तर हिरवी पट्टी चिकटवायची आणि त्यावर सही करायची. नाही आला तर लाल पट्टी. दुकानदार गयावया करतो, "मॅडम, एवढ्याशा फरकानं कुणाचं काय बिघडतंय?" ताई म्हणते, "बिघडत नसेल तर दुरुस्त करून घ्यायला काय हरकत आहे?" तिची सही म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. एकदा एक काटा पास करून ती बसथांब्यापर्यंत पोचली, आणि तिथे तिला शंका आली की चौथा कोपरा नीट पाहिला नाही. परत गेली, काटा पुन्हा तपासला आणि स्वतःची हिरवी पट्टी नखानं खरवडून काढली.

असल्या बाईला प्रकाशकाचा करार दाखवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पण मला विचारतो कोण!

ताईनं कादंबरी लिहिली. सकाळी कामावर जायच्या आधी, दुपारी एखाद्या गोदामाच्या पायरीवर डबा खाताना, सुट्टीच्या दिवशी माझ्या दुकानातल्या बाकावर बसून. माझं दुकान झेरॉक्स आणि प्रिंटआउटचं. पुढच्या अर्ध्या भागात माझी मशिनं, मागच्या अर्ध्या भागात बाबांचं शिवणयंत्र, आणि वर आमचं घर. बाबा शिंपी आहेत. आता नवीन शिवत नाहीत, फक्त अल्टरेशन करतात. कंबर सैल करून दे, बाही आखूड कर, असलं. वय झालं तरी मापाची टेप गळ्यातून खाली उतरत नाही.

कादंबरी लिहून होईपर्यंत सगळं ठीक होतं. खरा त्रास नंतर सुरू झाला, कारण ताईनं ब्लॉग वाचायला घेतले.

प्रकाशनव्यवसायावरचे ब्लॉग हा काय प्रकार असतो हे मला ठाऊक नव्हतं. ते सगळे मीच छापले, म्हणून आता पुरतं ठाऊक आहे. ताईला मोबाइलवर वाचून समाधान होत नाही, हातात कागद आणि लाल पेन लागतं. एक ब्लॉग कुणा निवृत्त संपादकाचा. तो म्हणे, पहिल्या पुस्तकाच्या वेळी नवख्या लेखकानं घासाघीस करू नये, संधी हातची जाते. दुसरा एका वकिलाचा. तो म्हणे, पहिल्याच पुस्तकाच्या वेळी घासाघीस केली नाहीत तर जन्मभर पस्तावाल. तिसरा एका कादंबरीकाराचा. त्याच्या प्रत्येक लेखात सुरुवातीला लेखकांच्या फसवणुकीची एक भयंकर कहाणी, आणि शेवटी त्याच्याच शिकवणी वर्गाची जाहिरात. नमनाला घडाभर तेल ओतायचं आणि नाटक मात्र शिकवणीत येऊन बघा म्हणायचं! एकदा ताईनं त्या निवृत्त संपादकाला त्याच्या लेखाखाली प्रश्न विचारला. चांगला मुद्देसूद होता. चार दिवसांनी उत्तर आलं: "प्रत्येक करार वेगळा असतो. जाणकारांचा सल्ला घ्यावा."

"मग हा कोण आहे?" ताई कागद माझ्या तोंडापुढे नाचवत म्हणाली. "जाणकारांचा सल्ला घ्या म्हणतो! मी काय हवामानाचा अंदाज विचारायला गेले होते याच्याकडे?"

आम्ही दोघं एकाच आईबापाची मुलं आहोत हे अशा वेळी कळतं. एरवी तिचा राग पेटीतल्या वजनांसारखा खाचेत बसलेला असतो.

दोन प्रकाशक असेच हातचे गेले. एकाच्या करारात लिहिलं होतं की कादंबरीचे हक्क "आज अस्तित्वात असलेल्या आणि भविष्यात शोध लागणाऱ्या सर्व माध्यमांत, विश्वातील सर्व प्रदेशांत" त्याच्याकडे राहतील. मी म्हटलं, "दे की! चंद्रावर खपली तर खपली." ताईला हसू आलं नाही. तिनं पत्र लिहिलं की विश्वाऐवजी पृथ्वी लिहा, आणि माध्यमांची नावं लिहा. त्यानं उत्तरच पाठवलं नाही. दुसऱ्याला ताईनं यापुढे लिहिलेलं प्रत्येक पुस्तक आधी त्यालाच दाखवायचं वचन हवं होतं. वकिलाच्या ब्लॉगवर या कलमाला गळफास म्हटलं होतं, त्यामुळे तोही गेला. मी चडफडलो. "अगं, एक पुस्तक निघायची मारामार, आणि तू पुढच्या दहांची काळजी करतेस?"

"सही कुणाची असणार आहे, तुझी की माझी?" ती म्हणाली.

तिसरा प्रकाशक मात्र भला माणूस निघाला. छोटी संस्था, वर्षाला मोजकीच पुस्तकं काढणारा. त्यानं कादंबरी खरोखर वाचली होती. फोनवर तो अर्धा तास नुसता त्या घड्याळजीबद्दल बोलला. ताईच्या कादंबरीत एक घड्याळजी आहे, त्याची मुलगी आहे आणि त्यांचं एकमेकांशी न बोलणं आहे. धाकटा भाऊही होता. तो दुसऱ्या मसुद्यात काढून टाकला. कथेला त्याचा उपयोग नव्हता म्हणे. असो.

करार आला. ताईनं तो चारही कोपऱ्यांत तपासला. विश्व नव्हतं, गळफास नव्हता, पुस्तक छापायचं थांबलं तर हक्क परत मिळणार होते. प्रत्येक कलमापुढे तिनं हिरव्या पेननं टिकमार्क केली. मी मनात म्हटलं, सुटलो. आणि ती कलम नऊवर अडली.

कलम नऊ असं होतं: "लेखक अशी हमी देतो की, सदर साहित्यकृतीतील कोणतेही पात्र हयात असलेल्या कोणत्याही व्यक्तीवर आधारित नाही."

"झालं?" मी विचारलं.

"कशी देऊ हमी?" ताई हळूच म्हणाली आणि तिनं दुकानाच्या मागच्या बाजूला पाहिलं. तिथे बाबा कुणाच्या तरी पँटची शिवण उसवत बसले होते.

इथे एक जुनी गोष्ट सांगायला हवी, नाहीतर ताई उगाच खुसपट काढत होती असं वाटेल. शाळेच्या शेवटच्या वर्षी ताईनं एक लांबलचक गोष्ट लिहिली होती, चांगल्या जाड कागदांवर, एका बाजूनं, सुवाच्य अक्षरात. एक दिवस ती घरी आली तेव्हा बाबांनी ते सगळे कागद खळ लावून एकमेकांना जोडले होते आणि त्यांतून एका धिप्पाड गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही कापली होती. शिंप्याला कटिंगसाठी जाड कागद लागतोच. बाही म्हणजे कापडाची नव्हे, कागदाचा नमुना. ताईला आधी रडूच येईना. मग आलं ते थांबेना. बाबा गोंधळले. "अगं, कागदच होता ना?" ते म्हणाले. "दुसरा आणून देतो." आणि खरोखर त्याच संध्याकाळी जाऊन त्याहून चांगले, कोरे कागद घेऊन आले. त्यांच्या दृष्टीनं विषय तिथेच संपला. ती बाही पुढे कित्येक वर्षं खिळ्याला टांगलेली होती. इस्त्री करता करता मी ती वाचत असे. एक ओळ "आणि तिला वाटलं की" इथपर्यंत येऊन खांद्याच्या गोलाईत कापली गेली होती. तिला काय वाटलं ते मला कधीच कळलं नाही.

कादंबरीतला घड्याळजी मुलीनं लिहिलेल्या कागदांत गिऱ्हाइकांची दुरुस्त घड्याळं गुंडाळून देतो. मुलगी गावभर हिंडून ते कागद परत मागते. आणि घड्याळजी म्हणतो, "कागदच होता ना?"

ताईनं प्रकाशकाला फोन लावला आणि कलम काढायला सांगितलं. मी शेजारीच होतो.

"अहो ताई, ते सगळ्यांच्याच करारात असतं," तो म्हणाला. "सगळे सही करतात. कुणी वाचतसुद्धा नाही."

"कुणी वाचत नसेल तर काढून टाका ना."

"काढता येत नाही. आमच्या वकिलानं घातलंय."

"पण ते खरं नाही."

तो हसून म्हणाला, "असं करा, ज्यांच्यावर लिहिलंय त्यांना वाचायला द्या. त्यांनाच हा आपण आहोत असं वाटलं नाही, तर तुम्ही कशाला एवढं मनाला लावून घेता? पण महिनाअखेरपर्यंत सही हवी बरं का. नाहीतर यंदाच्या यादीत दुसरं पुस्तक जाईल."

तो बिचारा थट्टा करत होता. पण ताईला थट्टा ऐकू आली नाही, तपासणीची पद्धत ऐकू आली.

"बरोबर आहे," फोन ठेवून ती म्हणाली. "मी बाबांवरून सुरुवात केली हे खरं. पण लिहिता लिहिता तो माणूस दुसराच झाला असेल, हे मला आतून कसं कळणार? काटा स्वतःच स्वतःला तपासू शकत नाही."

"ताई, हात जोडतो. सही कर आणि मोकळी हो," मी म्हटलं. "बाबांनी जन्मात कादंबरी वाचलेली नाही. छापून आली तरी वाचणार नाहीत."

"म्हणून सही करू?"

"म्हणूनच कर!"

माझा संताप संताप झाला होता. जगात माणसं काय काय खपवतात, आणि ही एका छापील वाक्यासाठी हातातलं पुस्तक घालवायला निघाली होती. ओळख पटली तर? बाबा नुसते गप्प बसतील, आणि मग हिला सही करता येणार नाही. पुस्तकही गेलं आणि घरातलं बोलणंही. हात दाखवून अवलक्षण ते हेच. हे सगळं मी तिला मोठ्या आवाजात सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अक्षर मोठं ठेव. त्यांना बारीक दिसत नाही."

तेव्हा मी पूर्ण कादंबरी मोठ्या अक्षरात छापली. पातळ कागद मशिनमध्ये अडकत होता म्हणून जाड घातला. भलामोठा गठ्ठा झाला. बाबांना सांगितलं, ताईचं पुस्तक आहे, छापायच्या आधी तुम्ही वाचावं असं तिचं म्हणणं आहे.

बाबा हरखले. "मी? मला काय कळतंय त्यातलं?" असं तीनदा म्हणाले, पण त्याच दुपारी पँट बाजूला ठेवून गठ्ठा पुढ्यात घेतला. मग रोजच वाचायला लागले. वाचताना ओठ हलायचे. पान संपलं की त्यावर टेपचं टोक ठेवायचे, खूण म्हणून. गिऱ्हाईक आलं तर हातानं थांब म्हणायचे. मी मशिनच्या आडून त्यांच्या तोंडाकडे बघायचो आणि इकडे प्रती वेड्यावाकड्या निघायच्या.

ताईची अवस्था त्याहून वाईट होती. रोज कामावरून परस्पर दुकानात यायची, पेटी बाकाखाली सरकवायची आणि विचारायची, "कुठपर्यंत?" काही बोलले का, असं मात्र विचारायची नाही. एका संध्याकाळी मी चिडून म्हटलं, "तुला नक्की काय हवंय? ओळखावं की ओळखू नये?" ती म्हणाली, "करारासाठी ओळखू नये."

"आणि करार नसता तर?"

"करार नसता तर मी कादंबरी तरी कशाला लिहिली असती रे?" ती म्हणाली. हे उत्तर खोटं होतं. कादंबरी तिनं करार कसा दिसतो हेही माहीत नव्हतं तेव्हा लिहिली होती. बाबांनी एकदा तरी वर बघून म्हणावं, "अगं, हा तर मी. तेव्हा माझं चुकलं." एवढंच तिला हवं होतं, आणि तेच झालं तर पुस्तक जाणार होतं. मला तिची इतकी कीव आली की मी आणखीच चिडलो आणि पंखा बंद करून टाकला.

घड्याळं कागदात गुंडाळायच्या प्रसंगाशी बाबा पोचले तेव्हा मी तिथेच होतो. पानाचा आकडा मला माहीत होता. त्यांनी ते पान दोनदा वाचलं. चष्मा काढला, पुसला. जीभ टाळूला लावून च्‌ च्‌ केलं. मग त्यांनी चष्मा लावून पुढचं पान घेतलं.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी ताई आली तेव्हा वाचन संपलेलं होतं. गठ्ठा नीट चौकोनी रचून बाबा वाट बघत बसले होते. करार माझ्या काउंटरवर होता. ताईनं पेटी खाली ठेवली, पण बसली नाही.

"वाचलं," बाबा म्हणाले.

"बरं."

"फार छान लिहिलंयस गं. मला काही कळणार नाही वाटलं होतं, पण सगळं कळलं." त्यांचा आवाज जड झाला होता. "त्या पोरीचं फार वाईट वाटलं मला. एवढ्या हौसेनं लिहिते बिचारी, आणि बापाला त्याचं काहीच नाही? असा कसा माणूस! वैऱ्यालाही असा बाप मिळू नये." त्यांनी डोळे पुसले. "कुठे भेटला तुला असला घड्याळजी?"

ताई त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला सांगता येत नाही.

"कुठे नाही," शेवटी ती म्हणाली. "मनानं लिहिलाय."

"तरीच! खरा माणूस असा नसतो."

ताई काउंटरपाशी आली. पेनचं टोपण काढलं. कलम नऊ पुन्हा एकदा वाचलं आणि प्रत्येक पानाखाली सही केली, हिरव्या पट्ट्यांवर करते तशीच, टोकाला छोटी आडवी रेघ देऊन. शेवटच्या पानावर दोन साक्षीदार हवे होते. एक मी. दुसरं कोण, म्हणून मी इकडेतिकडे बघतोय, तोवर बाबाच उठून आले. "मी करतो की! लेकीचं पुस्तक आहे." खडूनं कापडावर खूण करावी तशी त्यांनी जपून, हळूहळू सही केली. मी मोठा श्वास सोडला. संपलं एकदाचं, म्हटलं. पुस्तक निघणार.

सही करून बाबा मागे वळले. गठ्ठ्यावरचं पान त्यांनी दोन बोटांत धरलं आणि कापड चोळून बघतात तसं चोळलं.

"कागद चांगला जाड आहे गं," ते म्हणाले. "आता हा तुला लागणार नाही ना? बाह्यांच्या कटिंगला होईल."

ताई जागची हलली नाही.

"लागणार आहे," ती म्हणाली.

"सगळा?"

"सगळा."

"आता पुस्तक छापून येणार, मग याचं काय करायचंय तुला?" बाबांना खरोखरच कळत नव्हतं. "बरं, राहू दे. एवढं तोंड पाडायला काय झालं? कागदच तर आहे."

ताईनं पुढे होऊन गठ्ठा त्यांच्या पुढ्यातून उचलून घेतला आणि छातीशी धरला. बाबा पुटपुटत आपल्या यंत्राशी जाऊन बसले आणि उसवायला घेतलं. ताई काउंटरकडे आली. करार तिथेच उघडा पडलेला होता. मी थांबलो. बसथांब्यावरून परत जाऊन स्वतःची पट्टी खरवडणारी बाई आहे ही. आता ही कलम नऊवर काट मारणार आणि खाली कारण लिहिणार, याची मला खात्री होती. मी तिला अडवणारही नव्हतो.

तिनं करार घडी करून पाकिटात घातला, कडेवरून जीभ फिरवली आणि मुठीनं दाबून ते बंद केलं. आयुष्यात पहिल्यांदा तिची सही खोट्या मजकुराखाली होती, आणि ते आम्हा दोघांना माहीत होतं.

"आत्ताच्या आत्ता टपालात टाकून ये," ती म्हणाली. "उद्यापर्यंत ठेवलंस तर मी फाडून टाकीन."

मी पाकीट घेतलं आणि चपला न घालताच निघालो.